सांध्याचा शेवट

शिवदासने नळकांड्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यावरचा लाल रंग फडक्याने पुसला, दुसरं कोरडं फडकं घेऊन पुन्हा पुसला, आणि मग त्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर फवारला. थर वाळत गेला तसा सांधा दिसेनासा झाला. आता नुसतं बघत राहायचं होतं. पोलादात कुठे चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग आपसूक वर येतो.

हातोड्यांची ठोकठोक थांबली होती. मोरा बंदराच्या रस्त्यावरचा सोराबशेठचा हा पत्र्याचा कारखाना. एरवी इथे लाँचच्या तेलाच्या आणि पाण्याच्या टाक्या बनत. आज कामगार दाराशी, खिडकीशी उभे राहून त्या लांबलचक, पंज्याएवढ्या रुंदीच्या, चकचकीत नळकांड्याकडे पाहत होते. ते बनवणारा बुधाजी मात्र काळा चष्मा कपाळावर चढवून एका बाजूला उभा होता. त्याला कसलीच घाई दिसत नव्हती. टाकी बुधाजीने जोडली असेल तर ती गळत नाही, असं मोऱ्यापासून रेवसपर्यंतचे लाँच चालवणारे तांडेल सांगत.

पांढऱ्या थरावर एक ठिपका उमटला. मग तो लांबला. तांदळाच्या दाण्याएवढी लाल रेघ, सांध्याचा शेवट सुरुवातीला येऊन मिळतो तिथे.

शिवदास वाकला. भिंग लावून पाहिलं. पुन्हा सरळ उभा राहिला, पण बुधाजीकडे त्याने पाहिलं नाही.

“चीर आहे,” तो म्हणाला.

सोराबशेठ पुढे झाले. चष्मा नाकावर ओढून त्यांनी रेघेकडे पाहिलं.

“अरे बाबा, एवढीशी लाइन! माझ्या डोळ्याला तर नीट दिसत पण नाय. पाणी भरून बघ, एक थेंब गळला तर माझं नाव बदल.”

“आज गळणार नाही, शेठ. पण हे पाण्यात राहायचंय.”

“टाकीपण पाण्यातच राहते ने?”

“टाकी गळली तर तांडेल ती तुमच्याकडे घेऊन येतो. हे गळलं तर याला हात लावायला कुणी जाऊ शकत नाही.”

खाडीपलीकडे, ट्रॉम्बेच्या म्हणजे तुर्भ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, अणुभट्टी उभी राहिली होती. तिच्यात इंधनाच्या धातूच्या कांड्या असतात; उद्या एखाद्या कांडीचं कवच फुटलं तर ती अशा नळकांड्यात बंद करून खोल हौदात पाण्याखाली ठेवायची, एवढं शिवदासने सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. किती वर्षं, असं कुणीतरी विचारलं होतं. ते त्यालाही सांगता आलं नव्हतं.

शिवदासने रेघेभोवती खडूने गोल केला आणि नळकांड्याला नापासाची लाल चिठ्ठी बांधली.

बुधाजीने कपाळावरचा चष्मा काढला, खिशात ठेवला आणि तो बाहेर पडला. बाहेर जाताना एवढंच म्हणाला, “बरं, जावईबापू.”

कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बुधाजीच्या गावात, केगावात पोचणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

शिवदास पेणकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला. तंत्रशाळेत शिकून पलीकडे अणुकेंद्रात लागला आणि तिथे त्याला तपासनिसाचं काम शिकवलं गेलं. बुधाजीने आपल्या लेकीसाठी, मैनेसाठी त्याला पसंत केलं तेव्हा गावात सांगत फिरला होता, पोरगा असा हाय की त्याच्या शिक्क्याबिगर पलीकडं खिळा पण आत जात न्हाय. दोन वर्षं झाली लग्नाला. सोराबशेठना हे काम मिळालं आणि तपासायला शिवदासला पाठवलं गेलं. वरच्या टिपणीससाहेबांना त्याने नातं आधीच सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, “उरणात राहणारा माणूस तूच आहेस. अडचण आली तर बोल.”

अडचण आली होती, पण ती साहेबांना सांगण्यासारखी नव्हती.

रविवारी केगावला सासुरवाडीत जेवायला जायचं आधीच ठरलेलं होतं. सासू सोनाबाईने तळ्यातला जिताडा मासा आणवला होता. जावई घरी येणार आणि ताटात जिताडा नाही, असं तिच्या घरात कधी झालं नव्हतं. तिने तुकडी वाढली, भाकरी वाढली, पण जावयाशी एक शब्द बोलली नाही. बोलली ती चुलीशी.

“जेवायला बसवायचं, वाढायचं, आन् त्यानं जाऊन चार मान्सांत सासऱ्याच्या कामाला चिठ्ठी बांधायची. नवीनच रीत.”

मैना पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. “आई, जेवतायत ते.”

“जेवू दे की. मी कुठं ताट वढलं?”

बुधाजी समोर बसून काटे काढत होता. त्याने मान वर केली नाही. अर्धी भाकरी तशीच ठेवून तो उठला, हात धुतले आणि मिठागराच्या बांधाकडे निघून गेला. पांढऱ्या ढिगांच्या मधून त्याची टोपी लांबवर जाताना दिसत राहिली.

परतीच्या वाटेवर मैना बराच वेळ मागून चालत होती. नारळाच्या वाडीशी आल्यावर तिने पावलं उचलली आणि शेजारी आली.

“अहो, बाबांचं खरंच चुकलंय?”

“सांधा चुकलाय.”

“दुसरं कुणी तपासलं असतं, तर दिसलं असतं?”

“दिसलं असतं.”

“आन् न्हाय दिसलं असतं तर?”

शिवदास थांबला. “मग तो तिकडे गेला असता.”

मैनेने डोक्यावरचा पदर सारखा केला. “मग ठीक हाय,” ती म्हणाली. जरा पुढे गेल्यावर पुन्हा बोलली, “आईचं मनावर घेऊ नका. बाबा गप्प म्हणून ती बोलली. बाबा रागावले की बोलतात. न बोलता उठले म्हंजे दुसरंच काय तरी हाय.”

दुसरं काय ते सोमवारी कळलं. बुधाजी सगळ्यांच्या आधी कारखान्यात येऊन बसला होता. मोडीत टाकलेल्या पोलादाचे तुकडे त्याने गोळा केले होते आणि एकेक जोडत होता. आर्गन वायूवरचं हे वेल्डिंग नवं होतं. पलीकडून एक माणूस येऊन ते त्याला शिकवून गेला होता आणि बुधाजीने ते इतक्या लवकर उचललं की शिकवणाराच थक्क झाला. हाताला स्थिर ठेवायचं, ज्योतीला बोलू द्यायचं, बाकी सगळं जुनंच, असं बुधाजी म्हणत असे. त्याचा बाप उरणातल्या दारूच्या भट्ट्यांची तांब्याची भांडी सांधायचा. दारूबंदी आली, भट्ट्या थंड झाल्या, तेव्हा सोराबशेठच्या वडिलांनी टाक्या सुरू केल्या आणि बुधाजीने त्या जोडल्या. हाताला दुसरं काही माहीत नव्हतं.

दुपारी त्याने शिवदासला हाक मारली.

“रंग लावा याला.”

शिवदासने तुकड्यावर रंग लावला, वाट पाहिली, पुसला, भुकटी फवारली. दोघं शेजारी-शेजारी उभे राहिले. लाल रेघ आली. तिथेच, शेवटाला.

बुधाजीने दुसरा तुकडा पुढे केला. त्यालाही आली. तिसऱ्याला तर रेघेचं नक्षत्रच झालं. एका खळग्यातून तीन फाटे फुटले होते.

“समद्यांना एकाच जागी,” बुधाजी म्हणाला. “मधी कुठं न्हाय.”

“मध्ये तुमचा सांधा कुणालाही दाखवावा असा आहे, मामा. शेवटी हात काढता ना, तिथे खळगा राहतो. गरम पोलाद उघडं पडतं आणि आकसताना फाटतं. ज्योत हळूहळू कमी करायची. विझली तरी हात तिथेच ठेवायचा, वायू वाहत राहतो तोवर. आम्हाला पुस्तकात तसंच शिकवलंय.”

“त्या शिकवणाऱ्यानं पन सांगितलं हुतं.”

“मग?”

बुधाजीने आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला.

“टाकीला झटक्यात काढायचा हात. इतकी वर्सं तेच केलं. डोकं म्हनतं थांब, आन् हात निघून आलेला असतो.” तो किंचित हसला. “पुस्तकाला बरं हाय. त्याला हात नसतो.”

शिवदासने नवीन तुकडा उचलून बुधाजीच्या समोर ठेवला. बुधाजीने चष्मा डोळ्यांवर ओढला.

त्या आठवड्यात कारखान्यात तेच चाललं. सांधा पुरा व्हायचा, ज्योत विझायची आणि बुधाजी तसाच वाकलेला राहायचा, हात हवेत स्थिर, जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात काढायचा आहे. कामगारांतला भिकू आधी हसला. मग हसायचा थांबला, कारण रेघा बारीक होत गेल्या आणि एके दिवशी पांढरं ते पांढरंच राहिलं. बुधाजीने तो तुकडा बाजूला टाकला आणि म्हणाला, “एक आला म्हंजे काय? रोज यायला पायजे.”

सोराबशेठना मात्र धीर धरवत नव्हता. ते वाईट माणूस नव्हते. पण या कामावर त्यांनी नवं यंत्र आणलं होतं, टाक्यांची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळवली होती, आणि घरी निजताना त्यांना ती लाल चिठ्ठी दिसत होती. त्यांनी पलीकडे निरोप धाडला. जावई सासऱ्याला धरून आहे असं कुणी म्हणू नये म्हणून पोरगा जास्तच कडक वागतो, तेव्हा दुसरा तपासनीस पाठवा.

टिपणीससाहेब स्वतः आले. मोऱ्याच्या धक्क्यावरून चालतच आले, बूट चिखलाने भरलेले. त्यांनी आधी नापास नळकांडं पाहिलं. भिंगातून रेघ बराच वेळ पाहिली आणि शिवदासला म्हणाले, “बरोबर आहे.” मग ते शेठकडे वळले.

“तपासणी बरोबर आहे, शेठ. पण तुमचं म्हणणंही मला डावलता येत नाही. सासरा बनवणार, जावई तपासणार, यावर उद्या कुणी बोट ठेवलं तर ते खरंच आहे. मी ठाण्याहून दुसरा माणूस देऊ शकतो.”

शेठचा चेहरा उजळला. शिवदास हातातलं फडकं दुमडत होता. दुमडून झालं तरी दुमडतच राहिला.

“बुधाजी, तुमचं काय म्हणणं आहे?” साहेबांनी विचारलं.

बुधाजीने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. कामगार पुन्हा दाराशी जमले होते. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा मान डोलावणार. घरातली धुसफूस एकदाची संपेल.

“दुसरा मानूस येईल, चांगलाच असंल,” तो म्हणाला. “माझं काम बघंल, पास करील. पन साहेब, मला कसं कळायचं, काम पास झालं का मान्सानं सोडून दिलं?”

“म्हणजे?”

“ह्यानं मला नापास केलाय. त्याच्या घरात माझी पोर हाय. माझ्या घरात जेवायला येतो, माझी बायको त्याच्याशी बोलत न्हाय, तरी त्यानं चिठ्ठी सोडली न्हाय.” बुधाजीचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. “असा मानूस ज्या दिशी पास म्हनंल, त्या दिशी माझं काम पास. दुसऱ्याचा शिक्का मला नको.”

सोराबशेठनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग अचानक म्हणाले, “साहेब, बुधाजी बोलला म्हणजे झालं. मी काय बोललो नाय असं समजा.”

“तुम्ही बोललात ते बरंच केलंत,” साहेब म्हणाले. “शिवदास तपासेल. ठाण्याचा माणूसही शेजारी उभा राहून तपासेल. दोघांचे शिक्के पडतील तेव्हाच माल हलेल. चालेल, बुधाजी?”

“दोन असू देत की. दहा असू देत. पन हा पायजे.”

शिवदास फडकं घेऊन मागच्या नळापाशी गेला. ते स्वच्छच होतं. तरी त्याने ते धुतलं, पिळलं, आणि पुन्हा धुतलं.

होळी होऊन गेली तेव्हा सगळी नळकांडी तयार झाली. ठाण्याचा तपासनीस, सदा नावाचा, अबोल आणि पानाचा शौकीन माणूस, तंबाखू तोंडात धरून एकेक सांधा पाहत होता. रंग लागला, पुसला, भुकटी बसली. प्रत्येकाला तेवढीच वाट पाहिली. पांढरं ते पांढरं राहिलं. मग आत हवा दाबून भरली आणि नळकांडी हौदात बुडवली. बुडबुडा कुठून सुटतो का, हे पाहायला अर्धा कारखाना हौदाच्या काठावर ओणवला होता. पाणी इतकं निश्चल होतं की वाकलेली तोंडं त्यात स्पष्ट दिसत होती.

सदाने पहिल्यांदा तोंड रिकामं केलं. “कुणी जोडलेत हे?” त्याने विचारलं.

कुणी सांगायच्या आत शिवदास म्हणाला, “माझ्या सासऱ्यांनी.”

त्याने शिक्क्याचा खिळा पोलादावर टेकवला आणि हातोडीचा एकच घाव घातला. मग पुढच्यावर. त्या दिवशी मैना बापाला भाकरी घेऊन आली होती. तिने दाराआडून तो आवाज ऐकला आणि घरी जाऊन आईला सांगितलं. सोनाबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. पुढच्या रविवारी तिने जावयाला विचारलं, “कालवन तिखट न्हाय ना झालं?” आणि मैनेला चुलीकडे तोंड वळवावं लागलं, हसू लपवायला.

गोणपाटात गुंडाळलेली नळकांडी मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढली. माल सांभाळायला शिवदास जाणार होता. सोराबशेठ म्हणाले, “बुधाजी, तूपण जा. तुझ्याशिवाय त्याला कोण उचलायला शिकवणार? एक ठोकर लागली तर?”

बुधाजी धुतलेला सदरा घालून आलाच होता. वाटभर तो नळकांड्यांजवळ बसला, लाटेने लाँच हलली की एक हात गोणपाटावर. घारापुरी मागे पडली. तुर्भ्याचा डोंगर वाढत गेला आणि त्याच्या पायथ्याशी अणुभट्टीचा पांढरा घुमट दिसू लागला. उरणच्या किनाऱ्यावरून तो उन्हात नुसता चमकायचा. आता त्याच्यावरचे सांधेही दिसत होते. बुधाजी डोळ्यांवर हात धरून ते सांधे पाहत राहिला.

धक्क्यापाशीच फाटक होतं. पहारेकऱ्याने शिवदासचा पास पाहिला, मालाचा परवाना पाहिला, मग बुधाजीकडे पाहिलं.

“यांचा पास?”

“हे माझे... हे काम यांनीच केलंय,” शिवदास म्हणाला. “फक्त हौदापर्यंत येतील. साहेबांना विचारा.”

“साहेब मीटिंगला मुंबईत गेलेत. पासाशिवाय नाही सोडता येणार.”

शिवदासचा चेहरा उतरला. तो पुढे काही बोलणार, तेवढ्यात बुधाजीने त्याच्या दंडाला हात लावला.

“त्यांचं बरोबर हाय. तुमी जा. ह्यांना हळू उतरवा म्हनावं.”

ढकलगाडी आत गेली. फाटक लागलं. पहारेकऱ्याला बहुधा वाईट वाटलं असावं; त्याने आपलं स्टूल बाहेर आणून ठेवलं.

“बसा काका. वाईट नका वाटून घेऊ, नियम आहे.”

बुधाजी बसला. समोर खाडी होती. त्याचा सगळा जन्म या पाण्याच्या त्या बाजूला गेला होता, आणि तिथून इकडे पाहण्यात. आज पहिल्यांदा तो इकडून तिकडे पाहत होता. घारापुरीच्या मागे उरणचे डोंगर निळसर दिसत होते. त्यांच्या पायाशी केगाव असणार, पण ते काही ओळखू आलं नाही.

“एवढ्या लांबून आलात आणि फाटकावरच राहिलात,” पहारेकरी म्हणाला.

“मी कुठं राहिलो?” बुधाजी म्हणाला. “गेलो की आत.”

पहारेकऱ्याला ते नीट ऐकू आलं नसावं. त्याने “काय म्हणालात?” असं विचारलं, पण तेवढ्यात दुसरी गाडी आली आणि तो तिकडे वळला. बुधाजीने सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि पाठ ताठ करून बसला.

ऊन कलायला लागलं तेव्हा शिवदास बाहेर आला. तो जवळजवळ धावतच होता.

“एक सोडून पाहिलं, मामा. जागेवर अगदी अलगद बसलं.”

“पानी कसं हाय?”

“निवळ. एवढं खोल, पण तळ दिसतो.”

बुधाजीने मान हलवली. मग स्टूल उचलून त्याने ते पहारेकऱ्याच्या खोलीच्या दाराशी, जिथलं तिथे नेऊन ठेवलं.

“चला,” तो म्हणाला. “पोर वाट बघत आसंल. तिला पन सांगा, तळ दिसतो म्हनून.”